मांजर, मटण आणि माती

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कविता लिहिणारी बाई रोगजंतूंविषयी बोलायला लागली की ऐकणारे जरा सावरून बसतात. त्यांचं बरोबरच आहे. मी बी.ए. झाले तीही मराठी घेऊन. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो शाळेत, कांद्याचा पापुद्रा पाहण्यापुरता. तेव्हा आज मी औषधपाणी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. मी सांगणार आहे ती एका शोधाची हकिकत. इतिहास म्हटला की आपल्याकडे गड, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. पण स्वयंपाकघराला, अंगणाला आणि बाळंतिणीच्या खोलीलाही इतिहास असतो, आणि त्यात पुष्कळदा बायकांचं नशीब गुंतलेलं असतं.

या हकिकतीतल्या रोगाचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना हे नाव पहिल्यांदा भेटतं ते 'टॉर्च टेस्ट'च्या कागदावर. दिवस गेले आणि राहिले नाहीत, की हा कागद घरात येतो. त्यावर एका ओळीपुढे 'पॉझिटिव्ह' असं छापलेलं असतं आणि घरातले सगळे त्या बाईकडे बघायला लागतात. त्या कागदाकडे आपण येणारच आहोत. पण आधी सुरुवातीपासून.

वर्ष १९०८. उत्तर आफ्रिकेतलं ट्यूनिस शहर. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शार्ल निकोल आणि लुई मांसो हे दोघे दुसऱ्याच एका रोगाचा, लीशमेनियाचा, अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी डोंगराळ भागातला एक प्राणी पाळला होता. गिनिपिगसारखा दिसणारा, आखूड शेपटीचा. त्याचं नाव गुंडी. आपली सदऱ्याची गुंडी नव्हे, पण उच्चार तोच. या गुंडीच्या शरीरात त्यांना एक नवाच जीव सापडला. एका पेशीचा, वाकडा, बीजेच्या चंद्रकोरीसारखा. ग्रीक भाषेत धनुष्याला 'टॉक्सन' म्हणतात, त्यावरून १९०९ मध्ये त्यांनी त्याचं नाव ठेवलं टॉक्सोप्लाझ्मा. पुढे गुंडीचं नाव जोडताना एका अक्षराची गफलत झाली आणि 'गोंडी' असं नाव कायमचं चिकटलं. आपल्याला गोंडी म्हटलं की गडचिरोलीकडची बोली आठवते. तिचा इथं काही संबंध नाही. गंमत म्हणजे त्याच १९०८ साली, तिकडे ब्राझीलमधल्या साओ पाउलोमध्ये, अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना हाच जीव सशात सापडला. दोन खंडांत, दोन वेगळ्या प्राण्यांत, एकाच वर्षी. निकोल यांना पुढे १९२८ मध्ये नोबेल मिळालं, पण ते टायफस हा ताप उवांमधून पसरतो हे दाखवल्याबद्दल. गुंडीतली ती चंद्रकोर तोवर एक कुतूहल म्हणूनच राहिली होती. ती माणसाला काही करते, असं कुणाच्या फारसं मनात नव्हतं.

मनात यायला एक मूल जावं लागलं. खरं तर दोन. प्राग शहरातले डोळ्यांचे डॉक्टर योसेफ यांकू यांनी १९२३ मध्ये एका अकरा महिन्यांच्या बाळाची नोंद केली. बाळाच्या डोक्यात पाणी साचलेलं होतं, एक डोळा लहान राहिला होता आणि डोळ्याच्या पडद्यात सूक्ष्म पुटकुळ्या दिसत होत्या. त्या कशाच्या, हे तेव्हा नक्की सांगता आलं नाही. मग न्यूयॉर्कमधल्या बेबीज हॉस्पिटलात मे १९३८ मध्ये सिझेरियन करून एक मुलगी जन्माला आली. दिवस पूर्ण भरलेले होते. तिसऱ्या दिवशी तिला झटके यायला लागले. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले तेव्हा पडद्यावर डाग दिसले. महिनाभरात ती गेली. अ‍ॅब्नर वुल्फ, डेव्हिड कोवेन आणि बेरिल पेज या तिघांनी तिच्या मेंदूतला अंश ससे आणि उंदरांना टोचून पाहिला, आणि त्या प्राण्यांत तीच चंद्रकोर उगवली. १९३९ मध्ये त्यांनी लिहिलं की हा रोग मुलीला आईच्या पोटातच झाला होता. आई मात्र चांगली होती. तिला काही झालंय हे तिलाही माहीत नव्हतं.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळं काढून सांगते. कारण या रोगाचं सगळं दुःख आणि सगळा गैरसमज इथून सुरू होतो. आईला लक्षण नाही, त्रास नाही, फार तर चार दिवस अंग मोडून आलं, मानेत गाठ आली आणि गेली. आणि बाळाला मात्र भोगावं लागतं. मग लोक विचारतात, हिनं काय केलं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला तीस वर्षं लागली. त्यात पहिलं मोठं पाऊल ज्यानं टाकलं त्याचं नाव आपल्या घराघरात वेगळ्या कारणानं पोचलेलं आहे. पोलिओचे दोन थेंब ज्यांच्या संशोधनातून आले ते आल्बर्ट सेबिन. पोलिओच्या आधी ते या जिवाच्या मागे होते. सिनसिनाटीतल्या एका सहा वर्षांच्या मुलाच्या आजारातून त्यांनी हा जीव वेगळा काढला. ते मूल वाचलं नाही, पण त्याच्या नावाच्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा तो वाण जगभरच्या प्रयोगशाळांनी पुढे पिढ्यान् पिढ्या जतन केला. १९४१ मध्ये सेबिन यांनी दाखवून दिलं की प्राण्यांतला टॉक्सोप्लाझ्मा आणि माणसातला टॉक्सोप्लाझ्मा एकच आहे. आणि १९४८ मध्ये हॅरी फेल्डमन यांच्यासोबत त्यांनी रक्ताची एक तपासणी शोधली. जिवंत जंतूंवर मिथिलीन ब्लू हा निळा रंग टाकायचा. साध्या रक्तद्रवात जंतू तो रंग पिऊन निळे होतात. पण ज्याला हा संसर्ग पूर्वी होऊन गेला आहे, त्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं जंतूंना मोडतात, आणि ते निळे होत नाहीत. इतकी साधी युक्ती.

या निळ्या रंगानं जगाला एक धक्का दिला. रोगी शोधायला गेले आणि खुणा सापडल्या निरोग्यांत. शेतकरी, शिपाई, दुकानदार, गृहिणी. जिथं तपासावं तिथं कितीतरी लोकांच्या रक्तात हा जीव येऊन गेल्याची नोंद होती. येऊन गेल्याची म्हणण्यापेक्षा येऊन राहिल्याची म्हणावं. कारण तो शरीरात शिरला की काही दिवस धावपळ करतो आणि मग स्नायूंत, मेंदूत कोष बांधून झोपतो, ते जन्मभर. धडधाकट माणसाला त्याचा सहसा पत्ताही लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती ढासळली तर तो उठतो. १९८० च्या दशकात एड्स आला तेव्हा मेंदूतले हे कोष जागे झाल्यानं कितीतरी रुग्ण दगावले. आणि दुसरा धोका म्हणजे गरोदरपणात बाईला हा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदा होणं. 'पहिल्यांदा' हा शब्द लक्षात ठेवा.

आता प्रश्न असा, की इतक्या लोकांच्या अंगात हा शिरतो कुठून?

पहिला संशय आला ताटावर. १९५४ मध्ये वाइनमन आणि चँडलर या अमेरिकी संशोधकांनी डुकराच्या कच्च्या मांसाकडे बोट दाखवलं. १९६० मध्ये जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की मांसातले हे कोष पोटातल्या पाचकरसालाही दाद देत नाहीत, म्हणजे कच्चं मांस खाल्लं तर जीव जिवंत आत पोचतो. आणि १९६५ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज देमाँ यांनी प्रसिद्ध केलेली आकडेवारी तर अंगावर काटा आणणारी होती. एका आरोग्यधामातल्या मुलांत वर्षाला शंभरातल्या दहांना हा संसर्ग होत होता. त्यांच्या रोजच्या जेवणात गोमांस किंवा घोड्याचं मांस, नावापुरतं शिजवलेलं, वाढलं गेलं तेव्हा तो आकडा पन्नासवर गेला. मेंढीच्या कोवळ्या चापा अर्ध्याकच्च्या दिल्या तेव्हा शंभरावर. आज कुठलीही समिती अशा गोष्टीला परवानगी देणार नाही. पण त्यातून निघालेली माहिती खरी होती. कच्चं मांस ही एक वाट आहे.

एक वाट. एकमेव नव्हे. आणि हे जगाला सांगणारा पुरावा पॅरिसच्या सहा वर्षं आधीच छापून आलेला होता, आणि तो आपल्या मुंबईचा होता.

१९५९ मध्ये लंडनच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाला वाहिलेल्या एका नियतकालिकात रावल या संशोधकांचा दोन-तीन पानांचा निबंध आला. त्यांनी मुंबईतल्या लोकांचं रक्त तपासलं होतं. एका बाजूला पक्के शाकाहारी, दुसऱ्या बाजूला मांसाहारी. अशी तुलना त्या काळी लंडनला किंवा पॅरिसला जमणारी नव्हती. जन्मात मांसाला न शिवलेली माणसं एवढ्या संख्येनं त्यांना कुठून मिळणार? ती मिळाली मुंबईत. आणि निष्कर्ष असा निघाला की दोन्ही गटांत संसर्गाचं प्रमाण जवळजवळ सारखं आहे.

मी एका मराठी मुसलमान घरात वाढले. ताटात काय आहे यावरून माणसाची जात, धर्म, स्वच्छता आणि स्वभाव ठरवणारी नजर मला लहानपणापासून ओळखीची आहे. बिऱ्हाड शोधताना 'तुम्ही नॉनव्हेज का?' हा प्रश्न मलाही आला आहे. म्हणून या दोन-तीन पानांचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात कुणाचा कैवार नाही, कुणाला टोमणा नाही. नुसतं रक्त तपासलं आणि दिसलं ते लिहिलं. ताट वेगळं, संसर्ग सारखा. मग या दोघांमध्ये समान असं काय होतं? त्यांच्या पायाखालची माती, त्यांच्या भाजीवरची धूळ आणि त्यांच्या माठातलं पाणी. पण हे उत्तर लगेच कुणाला दिसलं नाही. मुंबईच्या आकड्यांनी फक्त प्रश्न उभा केला, की जो कधी मांस खात नाही त्या माणसाला, आणि फक्त गवत खाणाऱ्या शेळीमेंढीला, हा रोग होतो कसा?

उत्तर मिळालं ग्लासगोत. विल्यम हचिसन यांनी १९६५ मध्ये जाहीर केलं की संसर्ग झालेल्या मांजराची विष्ठा वर्षभर नुसत्या पाण्यात ठेवली तरी तिच्यातून उंदरांना हा रोग होतो. विचार करा, वर्षभर! आधी त्यांना वाटलं की मांजराच्या पोटातल्या जंताच्या अंड्यात हा जीव दडून बसत असावा. पण ज्या मांजरांना जंतच नव्हते त्यांच्याकडूनही संसर्ग होतो असं आढळलं, तेव्हा जंताची बाजू पडली. मग १९६९-७० मध्ये, हचिसन यांच्यासह निरनिराळ्या देशांतल्या चार-पाच गटांनी, जवळजवळ एकाच वेळी, कोडं सोडवलं. मांजराच्या आतड्यात या जिवाचं प्रजनन होतं आणि तिथून त्याची अंड्यासारखी कठीण कवचाची बीजं बाहेर पडतात. ही बीजं लाखोंनी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या मातीत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक टिकतात. हे शोधणाऱ्यांत अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जॅक फ्रेंकेल यांच्यासोबत काम करणारे एक भारतीय होते, जितेंद्र दुबे. भारतात गुराढोरांच्या वैद्यकाचं शिक्षण घेऊन ते इंग्लंडला आणि मग अमेरिकेला गेले, आणि पुढची कित्येक दशकं या एकाच जिवाचा पाठपुरावा करत राहिले. आज या विषयावर कुणीही काही लिहायला बसलं तर पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागतं.

मांजराची साक्ष आणखी एका ठिकाणाहून आली. गॉर्डन वॉलेस यांनी १९६९ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या तीन लहान प्रवाळबेटांवरच्या लोकांचं रक्त तपासून निष्कर्ष मांडले. जिथं मांजरं होती तिथं संसर्गाच्या खुणा सर्रास होत्या. जिथं मांजर नव्हतं तिथं त्या जवळपास नव्हत्याच. वाघ, बिबळ्या, रानमांजर आणि घरातली मनी या एकाच कुळात हा जीव आपलं आयुष्य पुरं करू शकतो. असं का, याचं उत्तर मिळायला २०१९ उजाडलं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की मांजराच्या आतड्यात एक विशिष्ट स्निग्धाम्ल साचून राहतं, ते मोडणारं विकर तिथं नसतं, आणि नेमकं तेच या जिवाला प्रजननासाठी लागतं.

आणि आता ट्यूनिसकडे परत बघा. रानातल्या गुंडींमध्ये हा जीव सापडत नाही, त्यांना तो प्रयोगशाळेत आणल्यावर झाला, हे पुढे लक्षात आलं होतं. पण प्रयोगशाळेत तो आला कुठून? दुबे यांनी नोंदवून ठेवलं आहे की त्या काळी ट्यूनिसच्या त्या संस्थेत निदान एक मांजर वावरत होतं. म्हणजे साठ वर्षं जगभर ज्याचा शोध चालला होता, ते पहिल्या दिवसापासून शोधणाऱ्यांच्या पायांतच घोटाळत होतं.

इथपर्यंत ऐकलं की कुणाच्याही मनात पहिला विचार येतो, घालवा त्या मांजराला. मला मांजरांचा जिव्हाळा आहे, हे लपवत नाही. आमच्या घरांत मांजर पाक मानतात. पैगंबरांच्या एका निकटच्या सहकाऱ्याला 'अबू हुरैरा', म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप, याच नावानं सगळे ओळखतात. तिकडे बंगालात बाळंतिणीची आणि बाळाची राखण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे, आणि आपली सटवाई काही षष्ठीला परकी नव्हे. पण जिव्हाळा बाजूला ठेवून पुरावाच बघू. मांजर ही बीजं टाकतं ती बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर, आठवडा-दोन आठवडे. टाकल्या टाकल्या ती बीजं संसर्ग करू शकत नाहीत. तयार व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराची घाण रोजच्या रोज, दुसऱ्या कुणी, उचलली तर घरातल्या गरोदर बाईला तिच्यापासून भय फार थोडं. युरोपातल्या सहा शहरांमधल्या गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गाचा सगळ्यांत मोठा वाटा कच्च्या-अर्ध्याकच्च्या मांसाचा निघाला, तीस ते त्रेसष्ट टक्के. मातीशी आलेल्या संबंधाचा सहा ते सतरा टक्के. आणि मांजराशी संबंध येणं हा धोक्याचा घटक म्हणून आढळलाच नाही. मांजर मातीला दूषित करतं हे खरं. पण मांडीवर बसलेलं मांजर आणि बाईच्या पोटातलं बाळ यांत सरळ रेघ ओढता येत नाही.

आता ती 'पहिल्यांदा'ची गोष्ट. देमाँ यांनी जाक कुव्हर यांच्यासोबत ३७८ गरोदरपणांचा मागोवा घेतला आणि १९७४ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. दिवस जाण्यापूर्वीच जिला हा संसर्ग होऊन गेला आहे, तिचं बाळ सुरक्षित. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं पहारा देतात. धोका आहे तो गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर. त्यातही दोन गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात. सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, साधारण शंभरात दहा-पंधरा, पण पोचला तर इजा मोठी. शेवटच्या महिन्यांत पोचण्याची शक्यता साठाच्या वर, पण इजा बहुधा सौम्य. कधी ती वर्षांनी डोळ्यांत उमटते. फ्रान्सनं हे मनावर घेतलं. १९७८ पासून लग्नाआधी तपासणी, १९८५ पासून गरोदरपणी सक्तीची तपासणी, आणि १९९२ पासून ज्या बायकांच्या रक्तात प्रतिपिंडं नाहीत त्यांची दर महिन्याला. फ्रान्समधल्या गरोदर बायकांत पूर्वसंसर्ग झालेल्यांचं प्रमाण १९९५ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०१६ मध्ये ३१ वर आलं.

आपल्याकडे तपासणी आली ती वेगळ्या वाटेनं. अमेरिकेतल्या आंद्रे नाहमियस यांनी १९७१ मध्ये बाळाला पोटात इजा करणाऱ्या काही संसर्गांची नावं एकत्र बांधून 'टॉर्च' हा शब्द बनवला. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस. आजारी दिसणाऱ्या नवजात बाळाकडे बघताना डॉक्टरांना आठवण राहावी, एवढाच त्याचा उपयोग. आपल्याकडे तो मूल न टिकणाऱ्या बाईवरचा शिक्का झाला.

माझ्या एका भाचीचे दोनदा दिवस जाऊन राहिले नाहीत. गावातल्या एका प्रयोगशाळेतून टॉर्चचा कागद आला, त्यात टॉक्सोप्लाझ्माच्या 'आयजीजी'पुढे पॉझिटिव्ह होतं. सासरी पाळलेलं मांजर त्याच संध्याकाळी पोत्यात घालून बाजाराच्या पलीकडे सोडलं. सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कितीदा सांगितलं होतं तुला, मांजराला उशाशी घेऊ नकोस." भाचीनं मला फोन केला. "खाला, तुम्हीच सांगा, मीच घालवली का माझी दोन्ही बाळं?"

या प्रश्नाला इतिहासच उत्तर देतो. 'आयजीजी' म्हणजे जुन्या संसर्गाची खूण. नुसती तीच असेल तर ती गुन्ह्याची नोंद नाही, संरक्षणाची आहे. 'आयजीएम' ही नव्या संसर्गाची खूण मानतात, पण तीही कधी कधी कित्येक महिने रेंगाळते. म्हणून जुनं आणि नवं वेगळं करणारी 'अ‍ॅव्हिडिटी' नावाची तपासणी फिनलंडच्या संशोधकांनी १९८९ मध्ये पुढे आणली. आणि वारंवार गर्भपातांचं काय? एकदा संसर्ग झाला की पुढच्या खेपेला शरीर सज्ज असतं. त्यामुळे पुन्हा पुन्हा गर्भ न टिकण्याला टॉक्सोप्लाझ्मा हे कारण धरता येत नाही. लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २०११ च्या आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं की वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांची सरसकट टॉर्च तपासणी बंद करावी. हेच एका अनुभवी डॉक्टरीणबाईंनी भाचीला आणि तिच्या सासूबाईंना समोर बसवून समजावलं. सासूबाई गप्प ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मग इतकी वर्षं आम्हाला कुणी सांगितलं का नाही?" मला हा प्रश्न भाचीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कारण दोष शोधायचाच तर तो कुठं शोधावा, हेही या हकिकतीत आहे. १९९५ मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात या रोगाची साथ आली आणि बोट गेलं ते शहराच्या पाणीपुरवठ्याकडे. आपल्या कोइमतूरमध्ये २००४-०५ च्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांकडे याच संसर्गानं दृष्टी अधू झालेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. एकूण २४८ जणांची नोंद झाली, आणि तिथंही संशय एका जलाशयाच्या पाण्यावर होता. २०१४ मध्ये डॉ. सरमन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या चारही दिशांच्या मूल होण्याच्या वयातल्या १४६४ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २२.४ टक्के बायकांत जुन्या संसर्गाची खूण होती, दक्षिणेत सर्वाधिक, आपल्या पश्चिम भागात सर्वांत कमी. आणि प्रमाण जास्त कुठं? मातीच्या घरांत राहणाऱ्या बायकांत. पिण्याचं पाणी कुठून येतं यावरही ते अवलंबून होतं. १९५९ च्या मुंबईनं जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर पंचावन्न वर्षांनी आपल्याच बायकांच्या रक्तानं दिलं.

आमच्याकडचं मटण तासभर रटरटतं. मांसाच्या आतपर्यंत ६७ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की हे कोष मरतात, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी वर उकळतो. भय आहे ते कच्च्या खिम्याची मिठाची चव बोटानं घेण्यात, आत गुलाबी राहिलेल्या सीख कबाबात, मांस कापलेल्या विळीवर तशीच कोथिंबीर चिरण्यात. शाकाहारी घरात भय आहे ते न धुतलेल्या पालेभाजीत, मातीत हात घालून तसंच जेवायला बसण्यात, न उकळलेल्या पाण्यात. हे सगळं बाईला सांगायलाच हवं. पण तिला सांगून झालं म्हणजे काम संपत नाही. नळाला स्वच्छ पाणी येणं तिच्या एकटीच्या हातात नाही. घरासमोरचा उकिरडा तिच्या एकटीच्या हातात नाही. गरोदर बाईच्या हातात टॉर्चचा कागद देताना त्याचा अर्थही देणं, हे तर तिच्या मुळीच हातात नाही.

ट्यूनिस, न्यूयॉर्क, मुंबई, ग्लासगो असा प्रवास करत शास्त्रज्ञांनी या जिवाचा माग काढला. प्रत्येक टप्प्यावर एक आरोपी उभा राहिला. आधी आईचं पोट, मग मांसाचं ताट, मग घरातलं मांजर. आणि प्रत्येक टप्प्यावर पुराव्यानं सांगितलं, जरा पुढे बघा. आपल्या घरांनी मात्र वाट अर्ध्यावरच सोडली आणि हाताशी असलेल्या आरोपीवर निकाल दिला. पुढच्या वेळी घरात तो कागद येईल तेव्हा बाईकडे बघण्याआधी कागद नीट वाचा, डॉक्टरांना 'जुना की नवा?' एवढं विचारा. आणि मांजराला राहू द्या.